मणीकामाचा नमुना कापडावर, कॅनव्हासवर आणि चामड्यावर कसा उतरवावा?

सुईदोरा (धागालेखिका)

नमुना कापडावर उतरवण्याच्या ज्या कृती सर्वत्र सांगितल्या जातात, त्या बहुतेक दोऱ्याच्या भरतकामासाठी तयार झालेल्या आहेत. मणीकाम करणारेही त्याच वापरतात आणि काम अर्ध्यावर आले की अडतात. मणीकामाच्या गरजा तीन बाबतींत वेगळ्या आहेत आणि त्या ध्यानात घेतल्याखेरीज कोणतीही पद्धत निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठीच हा धागा काढते आहे.

पहिली बाब वेळेची. ब्लाऊजच्या एका बाहीवरचे दाट मणीकाम कित्येक दिवस चालते, त्यामुळे रेघ तितके दिवस टिकली पाहिजे. दुसरी बाब रेघ घालवण्याची. दोऱ्याचे भरतकाम संपल्यावर कापड धुता येते आणि उलट्या बाजूने इस्त्री करता येते. मणी, टिकल्या आणि जरदोसीची तार लावलेल्या रेशमी कापडाला यांतले काहीच सोसत नाही. तेव्हा जी रेघ फक्त पाण्याने किंवा फक्त उष्णतेने जाते, ती आपल्या दृष्टीने कायमचीच समजावी. तिसरी बाब मण्याच्या जाडीची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ११ क्रमांकाचा मणी साधारण २ मिलिमीटर जाड असतो. रेघेवर टाका घातला की मण्याचे भोक रेघेवर येते आणि मणी दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर बाहेर जातो. ८ मिलिमीटर रुंदीचे पान कागदावर काढले तर मण्यांची कड घातल्यावर ते १० मिलिमीटरचे होते, आणि शेजारचे पान त्याला चिकटते. म्हणून मणीकामाच्या नमुन्यातली रेघ ही आकाराची कड नसून दोऱ्याची वाट आहे असे समजून मूळ चित्रच अर्धा मणी आत घेऊन काढावे. हा बदल कागदावर करायचा असतो, कारण कापडावर तो करता येत नाही.

रेशीम, सुती आणि साध्या विणीच्या बहुतेक कापडांसाठी मला आजही खाकाच सर्वांत भरवशाचा वाटतो. ट्रेसिंग पेपरवर नमुना काढायचा, जाड ब्लँकेटची घडी किंवा नमदा खाली ठेवून सुईने रेघेवर भोके पाडायची आणि मग त्या भोकांतून पूड किंवा पातळ लेप कापडावर उतरवायचा. रांगोळीचा भोकांचा छाप ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे तत्त्व आहे. कागद ९० जीएसएमच्या आसपासचा घ्यावा, कारण त्याहून फार पातळ कागद भोकांच्या रांगेवर फाटतो. वळणावर भोके एक ते दीड मिलिमीटरवर असावीत, सरळ रेघेत दोन मिलिमीटर पुरतात. सुई उभी धरावी. तिरक्या सुईने पाडलेल्या भोकातून लेप एका बाजूला सरकतो आणि बारीक वेल जाड दिसतो.

भोके पाडून झाली की कागदाच्या मागच्या बाजूला हात फिरवावा. तिथे प्रत्येक भोकाभोवती बारीक खरखरीत कडा उभ्या राहिलेल्या जाणवतात. बारीक पॉलिश पेपर त्यावरून हलकेच फिरवला की त्या कडा निघतात आणि भोके मोकळी राहतात. हे न केल्यास त्या कडा दाबाखाली परत भोकात मिटतात आणि रेघ तुटक उमटते. शिवाय दोन्ही बाजू गुळगुळीत झाल्या की तोच खाका उलटा ठेवून दुसऱ्या बाहीसाठी वापरता येतो.

गडद कापडासाठी झिंक ऑक्साइडची पांढरी पूड रॉकेलमध्ये कालवतात. दुकानात तिला नुसते झिंक पावडर म्हणतात, पण जस्ताची करडी पूड वेगळी असते, ती घेऊ नये. फिकट कापडासाठी कपड्यांना देतात त्या नीळीची कोरडी पूड याच पद्धतीने वापरतात. बाटलीतली पातळ नीळ मात्र कधीही वापरू नये. ती रंगाचे द्रावण असते आणि कापडात कायमची मुरते. रॉकेलात पूड विरघळत नाही. रॉकेल तिला फक्त भोकातून खाली नेते आणि नंतर उडून जाते, पूड विणीत बसून राहते. पाण्याने हे होत नाही, कारण ट्रेसिंग पेपर पाण्याने लगेच सुरकुततो आणि रेशमावर पाण्याचे डाग पडतात. कापसाचा बोळा लेपात बुडवून इतका पिळावा की उलटा धरला तरी थेंब पडू नये. मग खाका टाचण्यांनी पक्का करून बोळा एकाच दिशेने फिरवावा. एका कोपऱ्यातली टाचणी काढून, कागद थोडा उचलून रेघ उमटली का ते पाहावे आणि मगच पुढे जावे.

कॅनव्हासवर आणि चामड्यावर काम करणाऱ्यांनी आपापल्या पद्धती इथे सविस्तर लिहाव्यात, ही विनंती.

पारिजात

सुईदोराताई, अत्यंत उपयुक्त लेख. दोन शंका आहेत. आमच्याकडे आता रॉकेल मिळतच नाही. त्याऐवजी काय वापरावे? दुसरे, मखमलीवर हाच खाका चालेल का? लेकीच्या लग्नासाठी गर्द जांभळ्या मखमलीच्या बटव्यावर काचमण्यांची कोयरी करायची आहे.

सुईदोरा

पारिजात, रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन चालते. मात्र ते आधी कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर लावून, पूर्ण वाळवून, तेलकट कडी राहते का ते पाहावे. काही जण पेट्रोल वापरतात. ते मी कुणालाही सुचवणार नाही. त्याची वाफ फार लवकर पेट घेते आणि शिवणाच्या खोलीत बहुधा इस्त्री तापलेली असते. रॉकेल आणि टर्पेंटाइनसुद्धा खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास कोणतीही ज्योत किंवा इस्त्री नसताना वापरावे. छापलेले कापड घडी न करता वाऱ्यावर वाळू द्यावे.

मखमलीवर ओला खाका वापरू नये. लेप लवेच्या टोकांवर बसतो, हात लागला की लव झुकते आणि रेघ जागा बदलते. शिवाय पूड लवेच्या मुळाशी गेली की निघत नाही. मखमलीसाठी पांढऱ्या पतंगाच्या कागदावर नमुना काढावा, कागद कापडावर टाचावा आणि रेघेवरून बारीक धावदोरा घालावा. नंतर कागद ओला न करता अलगद फाडून काढावा. दोरा कापडाच्या रंगाहून थोडाच फिकट घ्यावा, म्हणजे तो दिसतो आणि मण्यांखाली राहून गेला तरी डोळ्यांत येत नाही. रंगीत पतंगाचा कागद घेऊ नये, हाताच्या घामानेही त्याचा रंग सुटतो.

कोयरीच्या आत मणी भरायचे असतील तर फक्त बाहेरची कड आणि आतली मुख्य वळणे टाचून घ्यावीत. भरावाच्या प्रत्येक ओळीची रेघ काढली तर लव दबते आणि मण्यांच्या फटींतून ती दबलेली जागा दिसत राहते.

जरीकाठ

मुंबईतल्या जरीकामाच्या कारखान्यांकडून बरीच वर्षे काम करून घेत असल्यामुळे काही गोष्टी जोडतो.

कापड खाटेवर (कारागिराच्या लाकडी चौकटीवर) ताणण्याआधी छापावे की नंतर, हा प्रश्न ताईंनी घेतलेला नाही. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. साध्या विणीचे रेशीम आणि सुती कापड टेबलावर छापून मग ताणले तरी चालते, फक्त ताणताना उभा आणि आडवा धागा सरळ राहिला पाहिजे. जॉर्जेट आणि शिफॉन मात्र ताणल्यावरच छापावे. ही कापडे खाटेवर एकीकडे जास्त ओढली जातात, आधी छापलेले वर्तुळ तिथे लांबट होते आणि कारागीर त्या लांबट रेघेवर प्रामाणिकपणे मणी लावतो. काचेच्या मण्यांची ओळ एकदा बसली की कापड सैल केल्यावर ती पूर्ववत होईलच असे नाही, ती चुणी धरते. ताणलेल्या कापडावर छापताना खालून पोकळी असते, म्हणून खाटेच्या उंचीइतक्या वह्या किंवा लाकडी फळी खाली द्यावी, म्हणजे बोळ्याच्या दाबाने कापड खोलगट होत नाही.

ब्लाऊजच्या बाबतीत नुसता नमुना छापून भागत नाही. गळा, मुंढा, टक्स, बाहीचा घेर आणि शिलाईची रेघ हे सगळे खाक्यावरच काढून घ्यावे आणि नमुन्याबरोबर कापडावर उतरवावे. शिलाईच्या रेघेपासून किमान एक सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. मणी शिलाईखाली आला की मशीनची सुई मोडते, मणी फुटतो आणि त्याच्या फुटक्या कडेने दोराही तुटतो. बाजू जोडल्यावर जी जागा रिकामी दिसते तिथले पाच-दहा मणी शिवण झाल्यावर हाताने भरता येतात, त्यासाठी कारागिराकडून त्याच डब्यातले थोडे मणी मागून ठेवावेत. मण्यांच्या दोन खेपांचा रंग क्वचितच तंतोतंत जुळतो.

खाका जपून ठेवण्याची वस्तू आहे. वापर झाल्याबरोबर, लेप ओला असतानाच, स्वच्छ बोळ्याला थोडे रॉकेल लावून दोन्ही बाजूंनी पुसून घ्यावा. वाळलेला लेप भोके बुजवतो. घडी घालू नये, गुंडाळी करावी. आणि खाक्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवावे, की कोणत्या रेघेला कटदाणा (पैलू पाडलेला मणी), कुठे नळी (लांबट मणी), कुठे टिकली. छापल्यावर कापडावर सगळ्या रेघा सारख्याच पांढऱ्या दिसतात आणि हा तपशील कापडावर कुठेच राहत नाही.

एका गोष्टीत माझे थोडे वेगळे मत आहे. जरीच्या काठावर, विशेषतः पैठणीच्या पदराचे कापड ब्लाऊजला वापरले असेल तर, खाक्याचा लेप धरत नाही. जरीची तार गुळगुळीत असते, पूड तिच्यावरून सरकते. तिथे ताईंनी मखमलीसाठी सांगितलेला कागद आणि धावदोरा हीच पद्धत वापरावी, हे त्यांनी लेखातच लिहायला हवे होते.

सुईदोरा

जरीकाठदादा, पैठणीबद्दल पूर्णपणे सहमत आहे. ज्यांना तो भाग लागेल त्यांनी तुमचा प्रतिसाद वाचावा.

मोरपीस

पेनांविषयी कुणीच लिहिलेले नाही. शिवणसाहित्याच्या दुकानात सध्या तीन प्रकारची पेने दिसतात. पाण्याने पुसले जाणारे निळे, आपोआप नाहीसे होणारे जांभळे आणि इस्त्रीने जाणारे. खाका करण्यापेक्षा हे फार सोपे आहे. मग यांतले कोणते घ्यावे? अलीकडेच शिवायला आलेल्या एका फिकट पिस्ता ब्लाऊजवर मण्यांच्या मधून तपकिरी रेघा दिसत होत्या. त्या याच पेनाच्या असतील का?

प्रयोगवही

मी रसायनशास्त्र शिकवते आणि हौसेने भरतकाम करते, म्हणून उत्तर देते.

त्या तपकिरी रेघा बहुधा निळ्या पेनाच्याच असाव्यात. त्या शाईवरून इस्त्री फिरली तर रंग पक्का होतो आणि अनेकदा तपकिरी पडतो. साबणानेही तसे होऊ शकते. ही शाई साबण लागण्यापूर्वी, नुसत्या थंड पाण्याने आणि भरपूर पाण्याने काढायची असते. वरवर शिंतोडे मारले की ती दिसेनाशी होते, पण कापडात उतरून बसते आणि वाळल्यावर पुन्हा वर येते. म्हणजे हे पेन फक्त त्या कामासाठी योग्य आहे जे शेवटी पूर्ण बुडवून धुता येईल. सुती कापडावर पक्क्या रंगाचे काचमणी आणि पॉलिएस्टर दोरा असेल तर हरकत नाही. आतून रंग दिलेले किंवा वरून मुलामा दिलेले मणी पाण्यात टिकतील की नाही, हे आधी तपासावे. चार मणी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवले की सकाळी उत्तर मिळते. ड्रायक्लीनिंगने रेघ जाईल अशी आशा ठेवू नये. शिवाय त्याच्या द्रावणात प्लॅस्टिकच्या काही टिकल्या आणि मणी मऊ पडतात.

जांभळ्या पेनाची शाई हवेशी संपर्क आल्यावर रंगहीन होते. काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत ती टिकते आणि दमट हवेत त्याहून लवकर जाते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सकाळी काढलेला वेल संध्याकाळी नाहीसा झालेला असू शकतो. एका बैठकीत संपणारे छोटे बुट्टे असतील तरच ते उपयोगाचे.

उष्णतेने जाणाऱ्या पेनाची शाई सुमारे ६० अंश सेल्सियसला रंगहीन होते. पण ती कापडातून जात नाही, तिथेच राहते. तापमान उणे १० ते उणे २० अंशांपर्यंत उतरले की रंग परत येतो. गडद कापडावर तिची फिकट पांढुरकी खूणही राहते. मण्यांवर इस्त्री फिरवता येत नसल्यामुळे केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा उलट्या बाजूने देण्याची युक्ती सांगितली जाते. ती काचमण्यांना सोसते, प्लॅस्टिकच्या टिकल्यांना सोसत नाही.

कार्बन पेपरबद्दलही एक वाक्य लिहिते. कचेरीतला काळा किंवा निळा कार्बन मेणकट असतो आणि तो कापडावरून जात नाही, शिंप्याचा पिवळा कार्बन बरा. साध्या पेन्सिलीची रेघ वाटते तितकी निरुपद्रवी नसते. तिची भुकटी पांढऱ्या दोऱ्याला लागते आणि पारदर्शक मण्यांखाली ती करडी छटा स्पष्ट दिसते. पारदर्शक मणी लावायचे असतील तर त्यांच्याखाली कोणतीच गडद रेघ नको.

हिमपक्षी

प्रयोगवहीताईंनी लिहिलेली उणे २० अंशांची गोष्ट आमच्यासाठी रोजची आहे. मी कॅनडात मॅनिटोबा प्रांतात राहते आणि इथल्या हिवाळ्यात तापमान त्याहून खाली जाते. उष्णतेने पुसलेल्या रेघा बाहेर ठेवलेल्या गाडीतही परत येऊ शकतात. त्यामुळे इथे मणीकाम शिकवणाऱ्या बायका त्या पेनापासून दूरच राहायला सांगतात.

मॅनिटोबा ही मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांची भूमी आहे आणि मण्यांची फुले हा त्यांच्या कलेचा गाभा मानला जातो. त्यांची नमुना उतरवण्याची पद्धत इथे सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात पुसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नमुना पातळ कागदावर काढतात, कागद लोकरी कापडावर, मखमलीवर किंवा कमावलेल्या कातड्यावर टाचतात आणि कागदावरूनच मणी शिवतात. काम झाले की बाहेरचा कागद फाडून टाकतात, मण्यांखालचा तसाच राहतो. तो काढत नाहीत, कारण तो मण्यांना थोडी बैठक देतो आणि खालचे कातडे ताणले जाऊ देत नाही. नायगारा परिसरात १९ व्या शतकात प्रवाशांना विकल्या जाणाऱ्या होडेनोशोनी या मूलनिवासी समूहातल्या बायकांच्या उठावदार मणीकामातही मण्यांखाली कागदाचे आकार असत, आणि जिथे मणी गळून पडले आहेत तिथे ते दिसतात.

गडद कापडावर रेघ काढायची दुसरी जुनी रीत म्हणजे पीठ आणि पाणी कालवून बारीक काडीने चित्र काढणे. वाळल्यावर पांढरी रेघ उमटते आणि उरलेली शेवटी ब्रशने झाडता येते. रॉकेल नको, पेन नको.

मणी लावताना दोन सुया वापरतात. पहिल्या सुईत मणी ओवून ते रेघेवर पसरायचे, दुसऱ्या सुईने दर दोन-तीन मण्यांमागे एक टाका घालून ती माळ खाली बसवायची. वळणावर दर दोन मण्यांना टाका हवा, सरळ देठाला तीन चालतात. या पद्धतीत रेघ म्हणजे दोऱ्याची वाट, हे ताईंचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते, कारण माळ रेघेवर आडवी ठेवूनच पाहता येते आणि शिवण्यापूर्वीच कळते की ती पानाच्या टोकाशी मावणार आहे की नाही.

एक विनंतीही करते. इथली फुलांची चित्रे अनेक घराण्यांमध्ये आईकडून मुलीकडे आलेली असतात. पद्धत शिकावी, नमुना मात्र आपल्या अंगणातल्या फुलाचा काढावा. कर्दळ, गोकर्ण, तेरडा या फुलांना दोन सुयांच्या कामात फार सुंदर वळणे मिळतात.

चर्मरंग

कोल्हापूर भागात चामड्याच्या वस्तूंवर काम करतो. चामड्याबद्दल लिहितो, कारण कापडाचे नियम इथे उलटे होतात.

कापडात सुई दोन धाग्यांच्या मधून जाते आणि काढली की जागा मिटते. चामड्यात पडलेले भोक कायमचे असते. म्हणून चामड्यावर टाचण्या लावून खाका बसवायचा नाही आणि धावदोऱ्याने रेघही काढायची नाही. कागद बसवायचा तर कडेला चिकटपट्टी लावावी, तीही आधी कोपऱ्यात लावून पाहावी, कारण काही चामड्यांवरची चमक चिकटपट्टीबरोबर निघून येते.

पुढचे सगळे चामडे कसे कमावले आहे यावर ठरते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते. असे वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेले चामडे ओलसर केले की ठसा धरते. स्पंजाने पाणी लावावे, ते आत मुरू द्यावे आणि पृष्ठभागाचा गडद रंग परत मूळ छटेकडे वळू लागला की काम सुरू करावे. त्याच वेळी ठसा सर्वांत स्वच्छ उमटतो. नमुना कागदावर न काढता पारदर्शक प्लॅस्टिकवर काढावा, तो ओल्या चामड्यावर ठेवावा आणि बोथट टोकाने रेघ दाबत जावी. ही दबलेली रेघ पुसावी लागत नाही, मणी तिच्यात बसतात. मात्र हत्यार साध्या लोखंडाचे असू नये. ओल्या चामड्यातल्या टॅनिनशी लोखंडाचा संपर्क आला की निळसर काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. पितळेचे, स्टेनलेस स्टीलचे किंवा हाडाचे टोक घ्यावे. टाचणीचा डबासुद्धा त्या फळीवर ठेवू नये.

बॅगा आणि जॅकेटचे मऊ चामडे बहुधा क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले असते. ते ठसा धरत नाही. त्याच्या गुळगुळीत बाजूवर चामड्याच्या कामाचे रुपेरी पेन वापरतात, ते ओल्या फडक्याने बहुतेक वेळा निघते. लवदार बाजूवर ते निघत नाही. तिथे हिमपक्षीताईंची कागदाची पद्धत उत्तम.

सुई तीन धारांच्या टोकाची लागते आणि ती भोक पाडताना चामडे कापते. भोके फार जवळ पडली की त्या रेघेवर चामडे फाटते. म्हणून प्रत्येक मण्याला वेगळा टाका घालण्यापेक्षा दोन सुयांची पद्धतच चामड्याला योग्य आहे, कारण तिच्यात भोकांमध्ये दोन-तीन मण्यांइतके अंतर आपोआप पडते. उत्तर अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातल्या जुन्या कामात सुई कातड्याच्या आरपार न जाता वरच्या थरातूनच फिरवलेली आढळते. त्यामुळे आतल्या बाजूला दोरा घासत नाही. चपलेच्या पट्ट्यासाठी हे विशेष महत्त्वाचे आहे, पायाला घासून आतला दोरा आधी तुटतो.

ज्यांना पहिल्यांदाच चामड्यावर मणी लावायचे आहेत त्यांनी सगळे काम जाड नमद्यावर पूर्ण करून, कड कापून तो तुकडा चामड्यावर शिवावा. यात कमीपणा काही नाही, आणि चामडे वाया जात नाही.

ठिपका

कॅनव्हासवर कुणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. आपल्याकडे या नावाने दोन वेगळ्या गोष्टी मिळतात.

एक म्हणजे जाळीदार, चौकडीचे कापड. त्याच्यावर नमुना उतरवायचाच नसतो, मोजायचा असतो. कापडाची उभी आणि आडवी मध्यरेषा धावदोऱ्याने घालावी, नमुन्याच्या चौकडीच्या आलेखाचीही काढावी आणि मध्यापासून मोजत जावे. इथे चूक होते ती मापात. १४ काउंटच्या कापडावर इंचाला १४ चौकोन असतात. ७० चौकोन रुंदीचे चित्र त्यावर ५ इंचांचे होते, १८ काउंटवर तेच ४ इंचांपेक्षाही थोडे लहान होते. त्याप्रमाणे मणी बदलावा लागतो. १४ काउंटला ११ क्रमांकाचा मणी बसतो, १८ काउंटला १५ क्रमांकाचा, जो साधारण दीड मिलिमीटरचा असतो. मोठा मणी बारीक जाळीवर लावला की मणी एकमेकांना ढकलतात, एकाआड एक उभे राहतात आणि चेहऱ्यासारखे नाजूक चित्र बिघडते. प्रत्येक मण्याला अर्धा फुलीटाका घालावा आणि सगळे टाके एकाच दिशेने कलते असावेत, नाहीतर मणी वेगवेगळ्या बाजूंना झुकतात.

दुसरे म्हणजे पिशव्यांचे जाड सुती कॅनव्हास. त्याच्यातून उजेड आरपार येत नाही, म्हणून काचेखाली दिवा लावून नमुना गिरवण्याची पद्धत इथे चालत नाही. वीण खरबरीत असल्यामुळे कार्बनची रेघही उंचवट्यांवरच उमटते. खाका मात्र छान उमटतो, फक्त भोके थोडी मोठी पाडावीत आणि रेघ वाळल्यावर ठिपके जोडून घ्यावेत. कापड आधी धुऊन, आटवून घेणे अत्यावश्यक आहे. मणी लावल्यावर कॅनव्हास आटले तर काचेचे मणी आटत नाहीत, आणि सगळे काम फुगून उभे राहते.

मणी मण्यांशीच गुंफून होणाऱ्या कामाला, म्हणजे आपल्या रुखवतातली मण्यांची तोरणे आणि झाकणे किंवा सौराष्ट्रातले मोतीभरत, यांतले काहीच लागू नाही. तिथे कापडच नसते, नमुना मोजणीतूनच तयार होतो.

अंगणवेल

सर्व प्रतिसाद वाचून एक प्रश्न उरतो. मी आरीने (आकड्याच्या टोकाच्या सुईने) काम करते, मणी सुईच्या आकड्यावर घेऊन वरून लावते. सध्या एका शिबिरात फ्रान्समधल्या ल्युनेव्हिलची पद्धत शिकते आहे. त्यात मणी आधी दोऱ्यात ओवतात, दोरा चौकटीच्या खालच्या बाजूला धरतात आणि आकड्याने वरून साखळीटाका घालत जातात, म्हणजे मणी उलट्या बाजूला बसतात. मोराचा नमुना आहे आणि त्याची मान डावीकडे वळलेली हवी आहे. खाका कसा ठेवावा?

जरीकाठ

खाका उलटा ठेवावा. तुम्ही ज्या बाजूने पाहत आहात ती कापडाची उलटी बाजू आहे, म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर मोराची मान उजवीकडे दिसली पाहिजे. खाक्याच्या दर्शनी बाजूवर ‘सुलट’ असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. छापताना ते शब्द उलटे दिसले तर खाका बरोबर ठेवलेला आहे.

या पद्धतीत आणखी एक फायदा आहे. रेघ उलट्या बाजूला असते आणि कापड पारदर्शक नसेल तर ती पुढून दिसतच नाही, त्यामुळे पुसण्याची चिंता मिटते. मात्र ही पद्धत बहुधा पातळ ऑर्गन्झावर किंवा जाळीवर करतात आणि ती कापडे आरपार दिसतात. तिथे झिंकचा लेप फार पातळ लावावा, बोळ्याचा एकच हात फिरवावा.

सुईदोरा

अंगणवेल, दोन मोर समोरासमोर असतील तर एकाच खाक्याने दोन्ही छापता येतील, एकदा सुलट आणि एकदा उलट. त्यासाठी पहिल्या छपाईनंतर खाका दोन्ही बाजूंनी पुसून पूर्ण वाळू द्यावा, कारण ओली बाजू कापडावर आली की रेघेबाहेरही लेप लागतो. खाक्याच्या मध्यातून एक उभी रेघ आणि तिच्या दोन टोकांना दोन भोके करून ठेवावीत. कापडावरही त्याच जागी दोन टाके घालून ठेवले की दोन्ही वेळा खाका नेमका बसतो आणि दोन्ही मोरांच्या चोचींमधले अंतर मापून पाहावे लागत नाही.

ऑर्गन्झासाठी छापण्यापूर्वी कापड चौकटीवर ताणून घ्यावे, हे जरीकाठदादांनी जॉर्जेटबद्दल सांगितलेले इथेही लागू आहे.

अंगणवेल

समजले. आधी ताणते, मध्यरेषेचे टाके घालते आणि मग खाका उलटा ठेवून छापते. दोघांचेही आभार.